दोन-सहा

रहेमतबी मणियार यांच्या फाइलीत
एक हजार एकशे बारा नावं होती.
उघडली तेव्हा एकही नव्हतं.
ई-शून्य, बरोबरचं चिन्ह, ए-चार, पुन्हा बरोबर,
पानंच्या पानं बरोबर
आणि उत्तर कुठंच नाही.

सेलूत, स्टेशन रोडला, माझ्या एका शटरच्या दुकानात
त्या बाकावर टेकल्या, बांगड्यांची पेटी पायाशी.
जुना फोन हौदात पडला,
नव्यात नातवानं कायतरी दाबलं.
"आता मला कुणी वळखत न्हाई," म्हणाल्या,
मग स्वतःच दुरुस्ती केली,
"म्हणजे, मी कुणाला."

आधी फाइलीची एक प्रत बाजूला ठेवली.
(ही सवय एका डॉक्टरांच्या फोननं लावली. ते जाऊ दे.)
मग स्क्रिप्ट लिहायला घेतली.

मराठीचं एक अक्षर मशीन तीन तुकड्यांत ठेवतं.
रहेमतमधला र: ई-शून्य, ए-चार, बी-शून्य.
इथं ओळी अक्षराच्या मधेच मोडलेल्या,
दोन तुकडे वर, तिसरा खाली.
काच नव्हती, म्हणून बोटाला लागलं नाही.

पहिली आज्ञा: ओळीच्या टोकाला बरोबर लोंबत असेल
तर खालची ओळ वर ओढ.
दुसरी: जे कार्ड सुरू होऊन संपलंच नाही
त्याला शेवट लाव,
नाहीतर वालूरच्या बाईच्या घरात
मानवतचा नंबर शिरतो.
तिसरी: तीच जोडी दोनदा आली तर एकदाच ठेव.
चौथी माझ्या हुशारीची:
नावांत अडकलेले आकडे झाडून काढ.
माणसाच्या नावाला कुठं आकडे असतात?

साडेतीनला लाइट गेली.
बॅटरी चाळीस टक्के, पंखा बंद,
आणि त्या उकाड्यात नावं वर सरकू लागली:
वालूर पाटलीण. बोरी मास्तरीण.
कुपटा यास्मिनची जाऊ. चारठाणा गोदावरी.
मानवत पार्लरवाली, उधारी.
एकही प्रश्नचिन्ह नाही.
लॅपटॉप मी त्यांच्याकडे फिरवला,
गिऱ्हाइकाकडे तो मी सहसा फिरवत नाही.

त्यांनी चष्मा पदरानं पुसला, बराच वेळ वाचलं.
"नावं आलीत रे," म्हणाल्या.
"पण हात कुठंयत?"

मला कळायला उशीर लागला.
पाटलीण दोन-आठ. मास्तरीण दोन-चार.
यास्मिनच्या जावेची पोर एक-बारा,
ती आता लातूरला कॉलेजात, पण लिहिलेलं तसंच.
तीस वर्षं, उंबऱ्याउंबऱ्यावर,
अंगठा तळव्यात दुमडून, पंजा चेपून
मोजलेली मनगटं,
ती मी एका ओळीत कचरा म्हणून झाडली होती.

प्रत होती, म्हणून वाचलो.
चौथी ओळ खोडली नाही,
पुढं फक्त एक चिन्ह टाकून तिला गप्प केलं.
ती अजून तिथं आहे. मला दिसावी म्हणून.

पुन्हा चालवली. हात आले.
सात नावं तेवढी आकड्यावाचून राहिली.
म्हटलं, ही अजून बिघडलेली दिसतात, बघतो.
"ऱ्हाऊ दे. बिघडली न्हाईत ती.
त्यांचा आकडा मीच पुसला, ज्याच्या त्याच्या येळी.
बांगडी भरायची न्हाई
म्हणून फोन बी करायचा न्हाई का?"

मी स्क्रीनकडे बघत राहिलो,
तिथं करण्यासारखं काही नव्हतं.

दोनशे दिले, पेटी उचलली, आणि दारातून वळल्या.
"त्या सातातली चारठाण्याची गोदावरी.
परवा म्हणली, हिरव्या नको बाई, निळ्या घालीन म्हणते.
लिही तिच्याम्होरं."

यासाठी कुठली आज्ञा लिहिली नाही.
बोटानं कर्सर तिच्या नावाच्या शेवटी नेला,
एक मोकळी जागा सोडली.
किती?

"पयले दोन-सहा होती. आता लई वाळलीय."
बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता.
"दोन-सहाच लिही.
भरंल हात."